कविता गावाच्या कानावर पडू द्या

उचगावकरांनो, रस्ता उखडला की आपण ग्रामपंचायतीत अर्ज देतो. पाणी वेळेवर आलं नाही की जाब विचारतो. गावातून कविता निघून चालली आहे, तिच्यासाठी अर्ज कुणाकडे द्यायचा हे मात्र कुणालाच ठाऊक नाही. म्हणून तो मी तुमच्याकडेच देतो आहे. तालमीतल्या पोरांकडे, बचत गटातल्या भगिनींकडे, शाळेतल्या गुरुजींकडे आणि बाईंकडे, वाचनालय सांभाळणाऱ्यांकडे आणि संध्याकाळी देवळाच्या कट्ट्यावर बसणाऱ्या थोरल्यांकडे.

कवी संपलेले नाहीत. दिवाळी अंकांत कविता असतात, प्रत्येक संमेलनाच्या मांडवात कविसंमेलन असतं, फोनवर तर रोज कविता येऊन पडतात. कमी झाला आहे तो सहज म्हणून कविता ऐकणारा, हाताला लागली म्हणून वाचणारा साधा माणूस. गोकुळ शिरगावच्या वसाहतीत रात्रपाळी करून आलेला कामगार, गांधीनगरच्या पेठेत दिवसभर कापडाचे तागे उलगडणारा पोरगा, महामार्गाच्या कडेला गॅरेज चालवणारा मिस्त्री, पहाटे धार काढून दूध डेअरीला घालणारी मावशी. यांतल्या कुणालाही कवितेचं वावडं नाही. ‘कविता आपल्याला काय कळत नाही बघा’ असं ते म्हणतात, आणि हे वाक्य त्यांच्या तोंडी आपणच घातलेलं आहे.

माझं म्हणणं थोडक्यात सांगतो. मराठी कविता सामान्य माणसापर्यंत पुस्तकातून थोडी आणि माणसातून फार पोचली. कवी आणि ऐकणारा यांच्यामध्ये ती म्हणून दाखवणारा कुणीतरी असायचा. तो मधला माणूस गेला आणि कविता अवघड झाली. तिला वाचवायचं असेल तर आपल्यातल्या काही जणांनी पुन्हा तो मधला माणूस व्हायला हवं.

कानावाटे आलेली कविता

पन्हाळा इथून तासाभराच्या अंतरावर. मोरोपंतांचा जन्म तिथला, 1729 सालचा. पंडित कवींमधले हे मोठे नाव. संस्कृत शब्दांनी गच्च भरलेली, यमकांनी बांधलेली त्यांची रचना आज मराठीचे पदवीधरही भीतभीतच उघडतात. पण ज्या काळात गावात अक्षर वाचणारी माणसं बोटांवर मोजण्याइतकी होती, त्या काळात मोरोपंतांच्या आर्या लोकांच्या ओठांवर होत्या. ही किमया कीर्तनकाराची. तो देवळात उभा राहून आर्या म्हणायचा, थांबायचा, तिच्याभोवती गोष्ट रचायचा आणि मग तीच आर्या पुन्हा म्हणायचा. दुसऱ्या वेळी ती ऐकताना समोरच्या शेतकऱ्याला ती ओळखीची वाटायची. मोरोपंत सोपे झाले नव्हते. त्यांच्यापर्यंत जाण्याची वाट कुणीतरी रोज झाडून ठेवत होतं.

घरात तर बाहेरचा कीर्तनकारही लागत नव्हता. जात्याचा खुंटा धरून बसलेल्या आपल्या आज्या-पणज्यांना कुणी कवयित्री म्हटलं नाही, पण त्यांनी केलेलं काम थक्क करणारं आहे. गी पॉयतवाँ आणि हेमा राईरकर यांनी आपल्या सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. माहेरची ओढ, भावाची वाट, सासरचा जाच, विठ्ठलाशी भांडण, बाबासाहेबांविषयीची कृतज्ञता, सगळं त्यांत आहे. खानदेशातल्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्या काम करता करता गात राहिल्या आणि घरच्यांनी ते कागदावर उतरवून घेतलं. 1951 साली त्या गेल्या. पुढच्याच वर्षी आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह त्यांची गाणी पुस्तकात आली आणि सारा महाराष्ट्र ती म्हणू लागला. कुणीतरी ऐकलं, कुणीतरी उतरवलं, कुणीतरी पुढं केलं म्हणून ती कविता उरली.

आपलं कोल्हापूर तर शाहिरांचं. लहरी हैदर, पिराजीराव सरनाईक ही नावं इथल्या जुन्या माणसांसमोर घेतली तर आजही त्यांची मान ताठ होते. डफावर थाप पडली की माणसं जमायची आणि तासन्‌तास उभं राहून पद्यातला इतिहास ऐकायची. आंबेडकरी चळवळीत वामनदादा कर्डक गावोगाव गात फिरले. ज्यांना शाळेचं तोंड बघायला मिळालं नव्हतं अशा वस्त्यांत त्यांनी विचार गाण्यातून पोचवला, आणि आजही 14 एप्रिलला त्यांची गाणी म्हटली जातात. तिथे म्हणणारा आणि ऐकणारा यांची ही साखळी तुटलेली नाही. ती कशी टिकते हे शिकायचं असेल तर फार लांब जायला नको, जयंतीच्या रात्री वस्तीत जाऊन बसावं.

शिकलेल्या कवींनीही हेच केलं. 1923 साली पुण्यात रविकिरण मंडळ जमलं. यशवंत, गिरीश, माधव जूलियन यांच्या काळात कवी आपली कविता लोकांसमोर गाऊन दाखवू लागले. त्यांतले माधव जूलियन, म्हणजे माधवराव पटवर्धन, पुढे आपल्या राजाराम कॉलेजात फारशी शिकवायला होते. छंदांवर मराठीतला मोठा ग्रंथ लिहिणारा हा विद्वान लोकांसमोर कविता म्हणायला कमीपणा मानत नव्हता. 1955 च्या रामनवमीपासून पुणे आकाशवाणीवर गीतरामायण सुरू झालं. शब्द माडगूळकरांचे, संगीत सुधीर फडक्यांचं, आणि फडके जन्माने कोल्हापूरचे. आठवड्याला एक याप्रमाणे छप्पन्न गीतं झाली आणि एकेका रेडिओभोवती गल्ली गोळा झाली. नंतर विंदा करंदीकर, मंगेश पाडगावकर आणि वसंत बापट ही तीन वेगळ्या वळणांची माणसं एकत्र गावोगाव फिरली. तिकीट काढून लोकांनी नुसती कविता ऐकली. वाद्य नाही, नाच नाही. तीन माणसं, त्यांचा आवाज आणि समोर भरलेला मांडव. लोकांना कविता नको असते असं ज्याला वाटतं, त्याने एवढा इतिहास आधी खोडून दाखवावा.

साखळी कुठं तुटली

गिरण आली आणि जातं थांबलं. ते थांबायलाच हवं होतं. पहाटे तीनला उठून दळण्याचे कष्ट आपल्या लेकीसुनांच्या वाट्याला पुन्हा येऊ नयेत. पण जात्याबरोबर ओवी म्हणण्याची वेळही गेली आणि त्या वेळेची भरपाई आपण दुसरीकडे केली नाही. रेडिओ गेला, टीव्ही आला, आता प्रत्येकाच्या कानात वेगळा आवाज. एकाच वेळी दहा माणसं एकच गोष्ट ऐकत आहेत, असं घरात आता क्वचित घडतं.

सगळ्यात खोल घाव शाळेत बसला. पूर्वी गुरुजी कवितेला चाल लावायचे आणि सगळा वर्ग ती एका सुरात म्हणायचा. अर्थ नंतर, कधी कधी वीस वर्षांनी कळायचा, पण कविता अंगात मुरलेली असायची. आज कविता आली की पहिला प्रश्न रसग्रहणाचा. कवीचं नाव, कवितेचा विषय, आवडलेली ओळ आणि ती का आवडली, सगळं मार्गदर्शकात तयार. जी ओळ मुलाला आवडलेलीच नाही ती का आवडली हे त्याने पाठ करून लिहायचं. असं दहा वर्षं केल्यावर तो मुलगा कवितेपासून लांब राहिला तर दोष त्याचा नाही. शिक्षकांचाही नाही. वेळापत्रक आणि परीक्षा यांच्या कात्रीत तेही सापडलेले आहेत.

वाचनालयांची गत सगळीकडे सारखी. कादंबरीला मागणी, स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकांना मागणी, चरित्रांना मागणी. कवितासंग्रह वरच्या फळीवर पाठमोरे. मागणी नाही म्हणून घेतले जात नाहीत, घेतले जात नाहीत म्हणून दिसत नाहीत, दिसत नाहीत म्हणून मागणी नाही. हे चक्र कुठेतरी हाताने थांबवावं लागेल, आपोआप थांबणार नाही.

आपल्या गावाची यात आणखी एक वेगळी अडचण आहे. उचगाव आता धड गाव उरलेलं नाही आणि शहरही झालेलं नाही. कोल्हापूरच्या हद्दवाढीच्या यादीत आपलं नाव येतं, चर्चा होते, विरोध होतो. तोवर एकीकडे नव्या वसाहती उठत आहेत. त्यांत राहायला आलेली माणसं कुठून कुठून आलेली, एकमेकांना नावानेही न ओळखणारी. जुन्या गल्लीत निदान भजनाचा टाळ ऐकू येतो. वसाहतीत एकत्र बसण्याचं निमित्तच नाही. कोल्हापुरात साहित्याचे कार्यक्रम होतात, शाहू स्मारक भवनात होतात, चांगले होतात. पण पाळी संपवून, गाडीला पेट्रोल घालून, भर रहदारीतून दसरा चौक गाठणारा कामगार कितीसा भेटणार? त्याला तिथे बोलावत राहण्यापेक्षा कवितेनेच इकडे यावं हे बरं.

हे आपलं आहे

याच जिल्ह्यात 1917 साली राजर्षी शाहू महाराजांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत करण्याचा हुकूम काढला. अक्षर ही मूठभरांची मिरास राहू नये म्हणून. त्याआधीच, 1850 साली, कोल्हापुरात सार्वजनिक ग्रंथालय उभं राहिलं होतं. आज आपण त्याला करवीर नगर वाचन मंदिर म्हणून ओळखतो. ज्या मातीत अक्षर सगळ्यांचं झालं, त्या मातीत त्या अक्षरांतलं सगळ्यात चांगलं जे आहे ते पुन्हा मूठभरांचं होत असेल तर आपण गप्प बसायचं का?

एक उदाहरण देतो. अरुण कोलटकर कोल्हापुरात जन्मले, इथेच राजाराम हायस्कुलात शिकले. पुढे मुंबईत जाहिरातीच्या क्षेत्रात चित्रकार म्हणून नावाजले. त्यांचं इंग्रजी पुस्तक ‘जेजुरी’ 1976 साली आलं आणि त्याला राष्ट्रकुल काव्य पुरस्कार मिळाला. मराठीत ‘भिजकी वही’ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. परदेशातल्या विद्यापीठांत त्यांच्या कवितांचा अभ्यास होतो. आणि त्यांच्या जन्मगावापासून हाकेच्या अंतरावर राहणारे आपण? त्यांचं नाव ऐकलेली माणसं इथे किती निघतील?

कोलटकर अवघड, असं सांगितलं जातं. काही कविता अवघड आहेतच. पण ‘जेजुरी’ सुरू होते ती एसटीच्या प्रवासाने. मग पुजारी येतो, पडकी देवळं येतात, धोंडे येतात, म्हातारी येते, शेवटी रेल्वे स्टेशन येतं. ज्या घरात जागरण-गोंधळ होतो, लग्नानंतर जोडी खंडोबाला जाऊन येते, त्या घराला ही कविता परकी कशी? विद्यापीठातल्या कुठल्याही अभ्यासकापेक्षा तिथला भंडारा, तिथल्या पायऱ्या आणि तिथलं ऊन आपल्याला जास्त ठाऊक आहे. आपल्याला ती कुणी वाचून दाखवली नाही, एवढंच घडलं आहे.

आणि कविता आपल्यात जिवंत नाही असं कोण म्हणतं? लग्नात नवरीला नाव घ्यायला लावलं की ती यमक जुळवते. बारशाला पाळणा म्हटला जातो. पंचमीला, गौरीला झिम्मा-फुगडीची गाणी अजून कुणाकुणाला येतात. जगदीश खेबूडकर याच कोल्हापुरात शिक्षक होते आणि त्यांची चित्रपटगीतं ट्रकवाल्यापासून प्राध्यापकापर्यंत सगळ्यांना पाठ आहेत. पद्याची गोडी आहे, कान तयार आहे. त्या कानावर आणखी चांगलं काही पडू द्यायचं आहे.

करायचं काय

जिथे माणूस थांबतो तिथे कविता ठेवायची. हे या सगळ्या कामाचं सूत्र. माणसं कुठं थांबतात? पिठाच्या गिरणीत दळण होईपर्यंत थांबतात. सलूनमध्ये थांबतात. डेअरीत दूध घालताना रांगेत थांबतात. दवाखान्यात, रेशन दुकानात, महामार्गावरच्या फाट्यावर बसची वाट बघत थांबतात. तिथे एक फळा किंवा एक पुठ्ठा, त्यावर वळणदार अक्षरात एक छोटी कविता आणि खाली कवीचं नाव. आठवड्याला बदलायची. अक्षर शाळेतल्या मुलांचं असावं. आपल्या लेकीचं अक्षर बघायला बापही थांबतो आणि थांबला की वाचतो. ज्या गिरणीमुळे जातं बंद पडलं तिथेच ओवी परत आणता आली तर याहून चांगलं काय?

शाळेत परिपाठ रोज होतो. सुविचार होतो, बातम्या होतात, बोधकथा होते. आठवड्यातून एक दिवस सुविचाराच्या जागी कविता म्हणावी. प्रश्न विचारू नयेत, गुण देऊ नयेत. गुरुजींना, बाईंना माझी हात जोडून विनंती आहे, ही एक कविता परीक्षेच्या बाहेर ठेवा. विंदांनी आणि पाडगावकरांनी मुलांसाठी लिहिलेल्या कविता आजही वर्गात हशा पिकवतात. तिथून सुरुवात करा.

वाचनालयांनी एवढंच करावं की कवितेची पुस्तकं वरच्या फळीवरून उतरवून दारासमोरच्या टेबलावर मांडावीत. आठवड्याला पाच पुस्तकं, उघडी, एकेक पान खुणेची चिठ्ठी घालून. कादंबरी न्यायला आलेल्या वर्गणीदाराला ‘यातली एकच वाचून बघा’ असं सांगावं. 1967 च्या ग्रंथालय कायद्याने राज्यभर गावोगाव ग्रंथालयांना मान्यता आणि अनुदान मिळालं. या पैशातून आलेली कवितेची पुस्तकं न उघडता जीर्ण होणं हा सार्वजनिक पैशाचाही अपमान आहे.

तालमींना आणि तरुण मंडळांना वेगळं सांगायला नको. गणपतीत तुमच्या हाकेला सगळी गल्ली येते. संध्याकाळच्या आरतीनंतर प्रसाद वाटण्याआधी एक कविता, दोन मिनिटांची. रोज वेगळ्या घरातला माणूस ती वाचेल. दहा दिवसांत दहा घरं. भगिनींनी बचत गटाच्या बैठकीत हिशेब झाल्यावर एक कविता ठेवावी. सावित्रीबाई फुल्यांचा ‘काव्यफुले’ हा संग्रह 1854 सालचा. मुलींना शिकवण्यासाठी अंगावर शेण झेललेल्या बाईने कविता लिहिल्या, हे आपल्या किती जणींना माहीत आहे? 3 जानेवारीला त्यांच्या फोटोला हार घालतो, त्याच वेळी त्यांची एक कविता मोठ्याने वाचूया.

वाचायची कशी

यालाही शिस्त हवी, नाहीतर चांगलं काम दोन महिन्यांत कंटाळवाणं होतं.

कविता लहान निवडा. एका मिनिटात संपणारी. ती दोनदा वाचा आणि दोन वाचनांच्या मध्ये थोडं थांबा. कीर्तनकाराला हे ठाऊक होतं. पहिल्यांदा माणूस शब्द ऐकतो, दुसऱ्यांदा कविता.

अर्थ आधी सांगू नका. एखादा शब्द अडणारा असेल तर तेवढाच सांगा. कवी कोण, कुठला, काय काम करायचा, हे वाचून झाल्यावर दोन वाक्यांत सांगा. नारायण सुर्वे गिरणगावात वाढले, अंगमेहनतीची कामं करत शिकले आणि त्यांच्या संग्रहाचं नाव ‘माझे विद्यापीठ’, एवढं कळलं की वसाहतीतला कामगार कान टवकारतो. ना. धों. महानोर शेतकरी होते, एवढं कळलं की शेतकरी जवळ सरकतो.

ऐकणाऱ्याला ‘काय समजलं’ असं विचारू नका. ‘कुठली ओळ डोक्यात राहिली’ असं विचारा. कुणी काहीच बोललं नाही तरी चालेल. पुढच्या आठवड्यात तो परत आला तर तेच त्याचं उत्तर.

क्रम सांभाळा. तालमीत नव्या पोराला वस्ताद पहिल्याच दिवशी थोरल्या पैलवानासमोर उभा करत नाही. बहिणाबाई, सुर्वे, महानोर, शांता शेळके, पी. सावळाराम यांच्यापासून निघा. सावळाराम तर शेजारच्या सांगली जिल्ह्यातले, कुसुमाग्रजांनी त्यांना जनकवी म्हटलं. मग कुसुमाग्रज, विंदा, सुरेश भट. वर्षभराने मर्ढेकर आणि कोलटकर काढा. तोवर ऐकणाऱ्यांची मान आपोआप तयार झालेली असेल.

आणि एक गोष्ट गावातल्या कवी बंधू-भगिनींना, प्रेमाने. पहिलं वर्ष आपली स्वतःची कविता वाचू नका. आधी लोकांना कविता आवडू द्या, मग तेच तुम्हाला आग्रहाने विचारतील, ‘तुमची एखादी म्हणा की.’

हक्काचा प्रश्न

फलकावर कविता लिहायची तर परवानगी लागेल का, असा प्रश्न प्रामाणिक माणूस विचारेल, आणि विचारायलाच हवा. आपल्या देशात कवीच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी त्याच्या कविता सगळ्यांच्या होतात. म्हणजे केशवसुत, बालकवी, गोविंदाग्रज, माधव जूलियन, भा. रा. तांबे हे सगळे आता आपलेच. 1956 साली गेलेले मर्ढेकरही. 1952 साली छापलेल्या बहिणाबाईंच्या गाण्यांनाही साठ वर्षं कधीच उलटली. संतांचे अभंग आणि जुन्या शाहिरांच्या लावण्या-पोवाडे तर पिढ्यान्‌पिढ्यांचे. एवढ्यावर आपला फळा कित्येक वर्षं चालेल. हयात कवींची किंवा अलीकडे गेलेल्यांची कविता लिहायची असेल तर कवीला, घरच्यांना किंवा प्रकाशकाला एक पत्र पाठवा. आपल्या कवितेसाठी एखादं गाव परवानगी मागतं याचा आनंद कुठल्या कवीला होणार नाही? आणि शक्य असेल तेव्हा पुस्तक विकत घ्या. कविता फुकट ऐकावी, पण कवी उपाशी राहू नये.

दोन शंका

पहिली शंका ठरलेली, कवितेने पोट भरतं का? नाही भरत. कर्ज फिटत नाही, उसाचा दर वाढत नाही, नोकरी लागत नाही. पण आपल्या आज्यांचं पोट ओवीने भरत नव्हतं, तरी त्या गायल्या. मन मोकळं करायला सासरी कुणी नव्हतं तेव्हा ओवी होती. आज घरात एकटा पडलेला म्हातारा, परीक्षेत नापास झालेला पोरगा, कंपनीतून कमी केलेला बाप, यांच्या मनातलं बोलायला शब्द नसतात. शब्द नसले की माणूस आतल्या आत कुढतो किंवा भांडतो. आपल्यासारखंच कुणाला तरी वाटलं होतं आणि त्याने ते नीट मांडून ठेवलं आहे, हे कळलं की ओझं निदान वाटून घेतल्यासारखं होतं. ही किंमत पैशात मोजता येत नाही म्हणून ती नाही असं होत नाही.

दुसरी शंका साहित्यातल्या जाणकारांची. सगळ्यांसाठी करायला गेलं की कविता पातळ होते, टाळ्यांची होते. ही भीती खरी आहे. म्हणूनच मी कविता सोपी करा असं म्हणत नाही. एक शब्दही बदलू नका. मोरोपंतांचा एकही शब्द कीर्तनकाराने बदलला नव्हता. वेळ, जागा आणि आवाज, एवढ्या तीनच गोष्टी आपण पुरवायच्या. सुरेश भटांनी गझल मराठीत रुजवली तेव्हा नवोदितांसाठी ‘गझलेची बाराखडी’ही लिहिली. नियम सैल न करता ते सगळ्यांना समजावून सांगितले. दर्जा राखूनही दार उघडता येतं.

इतरांनी करून दाखवलं आहे

कृष्णाकाठी औदुंबरला कवी सुधांशूंनी आणि त्यांच्या सोबत्यांनी स्वातंत्र्याआधी लावलेलं साहित्य संमेलनाचं रोप आजही संक्रांतीच्या सुमारास फुलतं. गाव छोटं, पण मराठीतले नामवंत तिथे पाहुणे म्हणून गेले. पाचगणीजवळचं भिलार 2017 साली पुस्तकांचं गाव झालं, तिथे घराघरांत पुस्तकं मांडली आहेत आणि त्यांत कवितेलाही तिची जागा आहे. आणि सीमेपलीकडे, बेळगावजवळ, आपल्याच नावाचं दुसरं उचगाव आहे. तिथले लोक मराठी साहित्य संमेलन भरवतात. मराठीसाठी रोज झगडावं लागतं अशा भागात ते भरवतात. आपल्याला तर कुणी अडवलेलंही नाही. 3 ऑक्टोबर 2024 ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा आपणही पेढे वाटले. अभिजात भाषेच्या गावात महिन्यातून एक कविता ऐकू येत नसेल तर ते पेढे कशाचे होते?

उचगावकरांनो, यासाठी वर्गणी नको, सभागृह नको, स्टेज नको, उद्घाटक नको. एक फळा, खडूची एक पेटी आणि दहा माणसं पुरेत. येत्या 27 फेब्रुवारीला, कुसुमाग्रजांच्या जन्मदिवशी, गावात निदान पाच ठिकाणी फळ्यावर कविता लिहिलेली असावी आणि निदान एका गल्लीत ती मोठ्याने वाचली जावी. त्या दिवसापर्यंत थांबायचीही गरज नाही. आज रात्री जेवणं झाली की घरात एक कविता काढा आणि दोनदा वाचा. पोरं हसली तर हसू द्या. उद्या तीच कविता शेजाऱ्याला म्हणून दाखवा. आपल्या आज्यांनी जात्यावर बसून जे टिकवलं, ते आपल्या पिढीत बुडालं असं म्हणण्याची वेळ कुणावर येऊ देऊ नका.